टायरोसिनेमिया प्रकार १ आणि निटिसिनोन: ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळाला टायरोसिनेमिया प्रकार १ आहे असं कळल्यावर घरात जे प्रश्न उभे राहतात, त्यांची ही उत्तरं आहेत. निटिसिनोन या औषधाचा तुमच्या बाळाचा डोस आणि त्याचा आहार तुमचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञच ठरवतील. त्यांनी सांगितलेलं का सांगितलं, ते घरी कसं पाळायचं आणि कुठे चूक होते, हे इथे समजेल.

हा आजार नेमका काय आहे?

दूध, डाळ, अंडं, पोळी अशा प्रत्येक पदार्थातल्या प्रथिनांत टायरोसिन आणि फिनाइलॲलनिन ही अमिनो आम्लं असतात. फिनाइलॲलनिनचं शरीरात टायरोसिन होतं आणि जास्तीचं टायरोसिन पाच पायऱ्यांत मोडलं जातं. पाचव्या पायरीचं एन्झाइम म्हणजे फ्युमरिलॲसिटोॲसिटेट हायड्रोलेज. त्याचं जनुक १५ व्या गुणसूत्रावर असतं. आईकडून आणि वडिलांकडून मिळालेल्या दोन्ही प्रती सदोष असतील तर हे एन्झाइम काम करत नाही. मग चौथ्या पायरीनंतरचे विषारी पदार्थ साठतात आणि यकृत, मूत्रपिंड व नसा यांना इजा करतात. त्यातलाच एक सक्सिनिलॲसिटोन. तो लघवीत किंवा रक्तात वाढलेला सापडला की निदान जवळपास पक्कं होतं.

नुसतं टायरोसिन वाढलेलं दिसलं म्हणून हाच आजार आहे असं धरू नका. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आणि यकृताच्या इतर आजारांतही ते वाढतं. उलट, या आजाराच्या काही नवजात बाळांत पहिल्या दिवसांत टायरोसिन फारसं वाढलेलं नसतं. म्हणून नवजात तपासणीच्या अहवालात सक्सिनिलॲसिटोन तपासलं आहे का, ते स्वतंत्रपणे विचारा.

निटिसिनोन हा आजार बरा करतं का?

नाही, आणि औषध आयुष्यभर का घ्यायचं ते यावरूनच कळतं. मोरी तुंबलेली असताना वरचा नळ वाहता राहिला तर घरभर पाणी होतं. निटिसिनोन मोरी मोकळी करत नाही, ते वरचा नळ बंद करतं. टायरोसिन मोडण्याची दुसरी पायरी ते अडवतं, त्यामुळे पुढचे विषारी पदार्थ तयारच होत नाहीत.

पण नळ बंद झाल्यावर मागे टायरोसिन साठू लागतं. ते आहारातूनच कमी करावं लागतं, त्यासाठी वेगळी गोळी नाही. म्हणून औषध आणि आहार ही एकाच उपचाराची दोन अंगं आहेत. औषध चालू ठेवून आहार सोडला तर डोळ्यांना त्रास होतो. आहार पाळून औषध सोडलं तर जिवावर बेततं.

तणनाशकांवरच्या संशोधनातून हे रसायन पुढे आलं. १९९१ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला ते या आजारासाठी पहिल्यांदा वापरलं गेलं. अमेरिकेत २००२ मध्ये आणि युरोपात २००५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याआधी यकृत प्रत्यारोपण हाच मुख्य मार्ग होता. आता प्रत्यारोपणाचा विचार औषधाला दाद न देणाऱ्या मुलांत किंवा यकृतात कर्करोगाची शंका आल्यावर होतो.

टायरोसिनेमिया प्रकार २ आणि ३ हे वेगळे आजार आहेत. त्यांत टायरोसिन आधीच वरच्या पायरीवर अडलेलं असतं, त्यामुळे तिथे हे औषध कामाचं नाही.

डोस कसा ठरतो?

सुरुवात साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला १ मिलिग्रॅमने होते. लहान बाळांत तो सकाळ-संध्याकाळ असा विभागून देतात. ८ किलोच्या बाळाला दिवसाला ८ मिलिग्रॅम, म्हणजे २ मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल सकाळी आणि दोन संध्याकाळी. महिन्याभरानेही लघवीत सक्सिनिलॲसिटोन दिसत असेल तर डॉक्टर डोस दर किलोमागे १.५ मिलिग्रॅमपर्यंत नेतात. कमाल मर्यादा दर किलोमागे २ मिलिग्रॅम. मूल मोठं झालं आणि अहवाल स्थिर असले की काही मुलांत दिवसातून एकदाच औषध चालतं.

सगळ्यात जास्त राहून जाते ती वजनाप्रमाणे वाढ. ६ किलोच्या बाळाला ६ मिलिग्रॅम सुरू केलं आणि ते ९ किलोचं झालं तरी तेवढंच चालू राहिलं, तर डोस दर किलोमागे ०.६७ वर येतो. चिठ्ठी तीच, कॅप्सूल तीच, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या वर्षी दर महिन्याला एकाच काट्यावर, कपडे काढून वजन करा आणि ते डॉक्टरांना कळवा.

बाळ कॅप्सूल गिळत नाही. कशी द्यायची?

कॅप्सूल उघडून आतली पावडर चमच्यात घ्या, थोड्या पाण्यात किंवा बाळाच्या फॉर्म्युल्यात कालवा आणि लगेच द्या. मग त्याच चमच्यात पुन्हा थोडं पाणी फिरवून तेही पाजा, कारण पावडर चमच्याला चिकटते. आधीच कालवून ठेवू नका.

पूर्ण बाटलीभर दुधात औषध मिसळणं सर्रास दिसतं आणि ते चुकीचं आहे. बाळाने अर्धी बाटली सोडली तर पोटात किती औषध गेलं हे कुणालाच सांगता येत नाही.

उपाशीपोटी की खाल्ल्यावर? काही उत्पादनांवर जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनी असं लिहिलेलं असतं. तुमच्या डब्यावर जे असेल ते पाळा आणि रोज तसंच द्या. आज उपाशीपोटी, उद्या जेवणासोबत असं केलं तर रक्तातल्या औषधाच्या पातळीचा अर्थ लावता येत नाही.

डोस चुकला किंवा बाळाने उलटी केली तर?

हे औषध शरीरात बराच काळ टिकतं. निरोगी प्रौढांत त्याची पातळी निम्मी व्हायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यामुळे एखादा डोस चुकला म्हणून लगेच संकट येत नाही. आठवेल तेव्हा द्या. पुढच्या डोसची वेळ झाली असेल तर चुकलेला सोडून द्या, दुप्पट देऊ नका. उलटी झाल्यावर किती मिनिटांच्या आत पुन्हा द्यायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. रात्री दोन वाजता फोन लावण्यापेक्षा फ्रिजवर लावलेला कागद उपयोगी पडतो.

दोन-तीन आठवडे औषध बंद राहणं मात्र वेगळं आहे. सक्सिनिलॲसिटोन पुन्हा वाढतं आणि हीम (रक्ताला लाल रंग देणारा घटक) बनवणारं एक एन्झाइम अडवतं. मग पोर्फिरियासारखा (हीम नीट न बनल्यामुळे होणाऱ्या आजारासारखा) झटका येऊ शकतो: पोटात किंवा पायांत प्रचंड दुखणं, उलट्या, रक्तदाब वाढणं, हातापायांतली ताकद जाणं आणि शेवटी श्वास घेणं अवघड होणं. अशा वेळी बाळाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या आणि आजाराचं नाव पहिल्या वाक्यात सांगा. नाहीतर हे दुखणं अपेंडिक्सचं समजलं जातं. तिथे शिरेतून ग्लुकोज आणि शक्य तितक्या लवकर निटिसिनोन लागतं. पोर्फिरियात टाळायची औषधं, उदाहरणार्थ बार्बिट्युरेट (झोपेची आणि फिटची काही जुनी औषधं), इथेही टाळायची. हे सगळं लिहिलेलं, डॉक्टरांच्या सहीचं एक पानी पत्र शाळेच्या दप्तरात आणि आईबाबांच्या फोनमध्ये कायम हवं.

टायरोसिन वाढलं म्हणून औषध कमी करावं का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण तर्क सरळ वाटतो: औषधामुळे टायरोसिन वाढतं, तर औषध कमी केलं की ते उतरेल. उतरेल खरं, पण विषारी पदार्थ परत तयार होऊ लागतील. टायरोसिन वाढलं की आहार पुन्हा मोजायचा, डोसला हात लावायचा नाही.

लहान मुलांत रक्तातलं टायरोसिन साधारण २०० ते ४०० मायक्रोमोल प्रति लिटर ठेवायचा प्रयत्न असतो. ५०० ओलांडलं की आहारात बदल हवा, आणि ६०० च्या वर ते राहू देऊ नये. काही प्रयोगशाळा अहवाल मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात आणि मग आकडा पाहून उगाच घबराट होते किंवा खोटा दिलासा मिळतो. टायरोसिनचा मायक्रोमोलमधला आकडा ५५ ने भागला की मिलिग्रॅममधला मिळतो. म्हणजे ५०० मायक्रोमोल म्हणजे सुमारे ९ मिलिग्रॅम.

डोळे लाल झाले, उजेड सहन होत नाही. साथीचे डोळे असतील का?

असतीलही, पण या मुलांत आधी टायरोसिन तपासा. ते फार वाढलं तर त्याचे स्फटिक बुबुळावर जमतात. पाणी येतं, जळजळ होते, मूल उजेडाकडे पाठ करतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना आजाराचं नाव सांगा, कारण स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) बुबुळावरच्या या खुणा फांद्यांसारख्या दिसतात आणि हर्पीसच्या संसर्गाशी गल्लत होते. विषाणूविरोधी थेंबांनी त्या जात नाहीत, टायरोसिन उतरलं की जातात. तळहात आणि तळपायांवर दुखरे, जाड चट्टे येणं हीही त्याचीच खूण. औषध सुरू करण्याआधी एकदा डोळे तपासून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येते.

आपल्या रोजच्या जेवणातलं काय चालतं?

नैसर्गिक प्रथिनं मोजून आणि उरलेली गरज फिनाइलॲलनिन व टायरोसिन काढलेल्या विशेष फॉर्म्युल्यातून, अशी आहाराची मांडणी असते. एक ग्रॅम नैसर्गिक प्रथिनात साधारण ५० मिलिग्रॅम फिनाइलॲलनिन आणि त्याहून किंचित कमी टायरोसिन असतं. दिवसाला किती ग्रॅम चालतील ते आहारतज्ज्ञ अहवाल पाहून ठरवतात.

अंदाजासाठी, १०० ग्रॅम कच्च्या वजनात: तूरडाळ सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं, बेसनही त्याच घरातलं, शेंगदाणे २५, गव्हाचं पीठ १० ते १२, तांदूळ ७ ते ८, पोहे ६ ते ७, बटाटा दीड ते दोन, आणि साबुदाणा जवळपास शून्य. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात ३ ग्रॅमहून थोडं जास्त. एका अंड्यात ६.

यावरून वडापावचं गणित कळतं. बटाटा अडचणीचा नाही, बेसनाचं आवरण आणि पाव अडचणीचे. साबुदाण्याची खिचडी उत्तम, पण दाण्याचा कूट न घालता. कूट घातला की तीच खिचडी नको त्या यादीत जाते. राजगिरा उपवासाचा असला तरी त्यात प्रथिनं गव्हापेक्षा जास्त आहेत, म्हणून उपवासाचं म्हणजे हलकं असं समजू नका. गणपतीत उकडीचा एखादा मोदक तांदळाची पिठी आणि खोबरं मोजून बसवता येतो. पेढा, बर्फी आणि खव्याचे मोदक नाहीत. प्रसाद नाकारायचा नसेल तर खडीसाखर हातावर ठेवा, आणि हे आजी-आजोबा, शेजारी, सोसायटीच्या मंडळातले सगळे यांना आधीच सांगून ठेवा. एक घास काय होतोय म्हणून रोज दिलेले घास मोजणीत येत नाहीत आणि पुढच्या अहवालात दिसतात.

ॲस्पार्टेम हे गोडवा आणणारं रसायन पूर्ण वर्ज्य. त्यातून थेट फिनाइलॲलनिन मिळतं. शुगर-फ्री शीतपेयं, च्युइंग गम, चघळायच्या गोळ्या आणि मुलांच्या काही औषधांत ते असतं. वेष्टणावर ९५१ हा क्रमांक शोधा.

आता उलट बाजू. भीतीपोटी प्रथिनं फारच तोडली तर मूल वाढत नाही, आणि शरीर स्वतःचेच स्नायू मोडून टायरोसिन वाढवतं. फॉर्म्युला चुकवला तरी हेच होतं. तो दिवसभरात तीन-चार भागांत द्या. फिनाइलॲलनिन २० मायक्रोमोलच्या खाली राहत असेल तर आहारतज्ज्ञ ते थोडं वेगळं देतात, कारण मेंदूच्या वाढीला ते लागतंच.

ताप किंवा जुलाब असताना?

निटिसिनोन चालूच ठेवा. एक-दोन दिवस नैसर्गिक प्रथिनं कमी करून उष्मांक वाढवा: साबुदाण्याची पातळ खीर पाण्यातली, तांदळाची पेज, साखरपाणी, तूप. फॉर्म्युला जमेल तेवढा द्या. तिसऱ्या दिवशी मोजलेली प्रथिनं पुन्हा सुरू. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे चालतं. मूल काहीच पोटात ठेवत नसेल किंवा सुस्त वाटत असेल तर घरी वाट पाहू नका.

काविळीचा झाडपाला द्यावा का?

देऊ नका. ठाणे जिल्ह्यात काविळीवर पाला देण्याची, ती उतरवून घेण्याची प्रथा अजून आहे, आणि तान्ह्या बाळांचे मौल्यवान आठवडे त्यात जातात. आधीच दुखावलेल्या यकृतावर अनोळखी काढ्याचा भार पडतो. उपचार जितका उशिरा सुरू होतो तितका पुढे यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. बाळाचं पोट फुगलंय, सहज रक्तस्राव होतोय, वजन वाढत नाही, काविळीच्या मानाने रक्त गोठायची चाचणी फारच बिघडलीय आणि अल्फा-फीटोप्रोटीन (यकृताच्या काही आजारांत रक्तात वाढणारं प्रथिन) खूप वाढलंय, असं असेल तर त्याच दिवशी लघवीतलं सक्सिनिलॲसिटोन तपासायला सांगा.

कोणत्या तपासण्या आणि किती वेळा?

पहिल्या वर्षी साधारण दर महिन्याला, नंतर दर तीन महिन्यांनी: अमिनो आम्लं, सक्सिनिलॲसिटोन, निटिसिनोनची पातळी, यकृताच्या चाचण्या, अल्फा-फीटोप्रोटीन आणि रक्तपेशींची मोजणी. काही मुलांत औषधामुळे पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी होतात, म्हणून शेवटची तपासणी टाळू नका. निटिसिनोनची पातळी अनेक केंद्रं ३० ते ६० मायक्रोमोलच्या दरम्यान ठेवतात. सोनोग्राफी किंवा एमआरआय सहा ते बारा महिन्यांनी.

अहवाल कोणत्या क्रमाने सुधारतात हे माहीत असलं की धीर राहतो. लघवीतलं सक्सिनिलॲसिटोन सगळ्यात आधी उतरतं, रक्तातलं त्याच्या मागून काही आठवडे ते महिने घेतं. अल्फा-फीटोप्रोटीन सगळ्यात सावकाश. ते सावकाश उतरत असेल तर वाट पाहता येते, उतरायचं थांबलं किंवा परत चढलं तर लगेच यकृताचा एमआरआय हवा.

रक्त दर वेळी एकाच वेळेला, सकाळच्या डोसआधी द्या. अमिनो आम्लांचा नमुना लगेच वेगळा करून गोठवावा लागतो, म्हणून घराजवळच्या लॅबमध्ये देण्याआधी ते हे करतात का ते विचारा. टाचेतून किंवा बोटातून रक्ताचे थेंब कागदी कार्डावर घेत असाल तर कार्ड आडवं ठेवून सावलीत निदान तीन-चार तास वाळवा, पावसाळ्यात त्याहून जास्त. ओलसर कार्ड पाकिटात घातलं की नमुना वाया जातो. पाकिटात सिलिका जेलची पुडी टाका.

औषध कुठे आणि कसं ठेवायचं?

काही उत्पादनं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायची असतात, काही खोलीच्या तापमानाला चालतात. डबा वाचा. आपल्याकडचा एप्रिल-मे आणि बंद खिडकीतलं ऊन लक्षात घेता खोलीचं तापमान म्हणजे घरातली सगळ्यात थंड, कोरडी जागा. स्वयंपाकघरातलं ओट्यावरचं कपाट नव्हे. फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर दारात नको, बर्फाच्या कप्प्याला टेकून नको, मधल्या खणात ठेवा. वीज गेली तर दार उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. मूळ डब्यातून कॅप्सूल काढून दुसऱ्या डबीत भरू नका.

घरात नेहमी किमान चार आठवड्यांचा साठा शिल्लक ठेवा. जुलैत लोकल बंद पडतात, वितरकाकडे माल संपतो, मंजुरीचा कागद अडकतो, आणि यांतलं एकही कारण शरीर ऐकून घेत नाही.

खर्च किती, आणि मदत कुठे मिळते?

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने भारतात बनलेल्या निटिसिनोनची माहिती जाहीर केली, तेव्हा वर्षाचा खर्च सुमारे २.२ कोटी रुपयांवरून २.५ लाखांवर येईल असं सांगितलं होतं. प्रत्यक्ष खर्च वजनाप्रमाणे बदलतो. विशेष फॉर्म्युल्याचा खर्च यात धरलेला नाही, तो वेगळा मांडा.

राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये या आजाराचा समावेश आहे. २०२२ पासून पात्र रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, मात्र ती मान्यताप्राप्त उत्कृष्टता केंद्रातूनच, म्हणजे दुर्मिळ आजारांसाठी सरकारने नेमलेल्या रुग्णालयातूनच. आपल्यासाठी परळचं केईएम रुग्णालय हे असं केंद्र आहे. पैसे कुटुंबाच्या खात्यात येत नाहीत, केंद्राकडे येतात. म्हणून खासगी डॉक्टरांकडे उपचार चालू असले तरी तिथे नोंदणी लवकर करा. ठाण्याहून धीमी लोकल थेट परळला जाते. वाशी-नेरूळहून हार्बरने कुर्ला आणि तिथून धीमी लोकल. जाताना निदानाचे मूळ अहवाल, जनुक तपासणी आणि आजवरच्या अहवालांच्या तारीखवार लावलेल्या प्रती न्या.

औषध किंवा फॉर्म्युला स्वतःसाठी परदेशातून मागवत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून धोरणातल्या आजारांसाठी मूळ सीमाशुल्कात सवलत आहे. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा राज्याच्या आरोग्य संचालकांचं प्रमाणपत्र लागतं. पार्सल विमानतळावर अडकल्यावर नव्हे, मागणी नोंदवतानाच ते हातात हवं.

दुसरं औषध सुरू करताना काय सांगायचं?

निटिसिनोन यकृतातलं एक एन्झाइम मंदावतं, त्यामुळे फेनिटॉइन आणि वॉरफरिनसारख्या औषधांची पातळी रक्तात वाढू शकते. फिटचं औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत असायला हवं. लसी नेहमीच्या वेळापत्रकाने द्या. हिपॅटायटिस ए आणि बी विसरू नका.

पुढच्या बाळालाही होईल का?

प्रत्येक गरोदरपणात शक्यता २५ टक्के. पहिलं बाळ आजारी आहे म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशोब नसतो. आई-वडील दोघेही वाहक असतात आणि स्वतः निरोगी असतात, त्यामुळे दोष एकट्या सुनेवर टाकणं निव्वळ चूक आहे. मामेबहिणीशी लग्न झालेल्या घरांत दोघांकडे तोच सदोष जनुक असण्याची शक्यता जास्त.

पहिल्या बाळाच्या जनुक तपासणीत दोन्ही दोष सापडले असतील तर गरोदरपणाच्या ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन निदान करता येतं. म्हणून पुढच्या गरोदरपणाची वाट न पाहता तो अहवाल आत्ताच पूर्ण करून ठेवा. गर्भजल तपासणी साधारण १६ व्या आठवड्यानंतर होते. कुटुंबाने तपासणी न करायचं ठरवलं तर बाळंतपणाचं रुग्णालय, बालरोगतज्ज्ञ आणि केंद्र यांना प्रसूतीची तारीख आधीच कळवा. जन्मानंतर पहिल्या दोन दिवसांत सक्सिनिलॲसिटोनसाठी नमुना जायला हवा आणि निटिसिनोनचा पहिला डबा घरात आलेला असायला हवा.